मूळ रिमवर रुंद आणि कमी उंचीचे टायर: १८५/६५ आर १५ च्या जागी २०५/५५ बसवावेत का?

कासारवडवलीकर

नमस्कार. माझी पेट्रोल हॅचबॅक सात वर्षांची झाली असून ती ५२,००० किलोमीटर चालली आहे. तिचे टायर अजून गाडीसोबत आलेलेच आहेत आणि आता ते बदलायला झाले आहेत. त्यांवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे छापलेले आहे, म्हणजे रुंदी १८५ मिलीमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंचांची. आठवड्यातून तीन दिवस मी कासारवडवलीहून घोडबंदर रस्त्याने माजिवडा, तेथून कळवा पूल, विटावा आणि ठाणे-बेलापूर रस्त्याने महापे असा प्रवास करतो. उरलेल्या दिवशी गाडी वडिलांना फिजिओथेरपीला नेण्यासाठी लागते. त्यांच्या कमरेच्या मणक्याचा त्रास जुना आहे.

गेल्या जुलैत घणसोलीच्या सिग्नलजवळ एक प्रसंग घडला. पाऊस फार मोठा नव्हता, गाडीचा वेग पन्नासच्या आसपास होता, पुढचा टेम्पो थांबला म्हणून मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबण्याऐवजी सरळ घसरत गेली. एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर पायाला स्पष्ट जाणवत होती, स्टेअरिंगही हातात होते, परंतु वेग काही केल्या कमी होत नव्हता. शेवटी टेम्पोच्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. शेजारी वडील बसले होते. तेव्हापासून टायरच्या पकडीचा विचार डोक्यातून जात नाही.

ठाण्यातील एका टायरच्या दुकानात चौकशी केली, तेव्हा दुकानदाराने २०५/५५ आर १५ हा आकार सुचवला. रिम बदलावी लागणार नाही, टायर रुंद असल्यामुळे रस्त्याला अधिक चिकटेल आणि गाडी दिसायलाही भारदस्त होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. मूळ आकार सध्या दुकानात शिल्लक नाही, हेही त्यांनी सांगितले. दिसण्याबद्दल मला फारसा आग्रह नाही; मला पावसात थांबणारी गाडी हवी आहे आणि वडिलांना बसणारे दणके वाढायला नकोत. मूळ रिमवर हा टायर खरोखर योग्य बसतो का, आणि माझे काम त्याने होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रिम_आधी

मी सोळा वर्षे टायर बसवण्याच्या आणि अलाइनमेंटच्या कामात आहे. या प्रश्नात सर्वप्रथम पाहण्याचा आकडा टायरवर नसून रिमवर असतो. रिमची रुंदी इंचांत मोजतात आणि तिच्यापुढे ‘जे’ हे अक्षर असते, उदाहरणार्थ ५½ जे किंवा ६ जे. प्रत्येक टायरसाठी रिमच्या रुंदीची किमान आणि कमाल मर्यादा ठरलेली असते. १८५/६५ आर १५ या टायरला ५ ते ६½ इंच रिम चालते आणि त्याचे प्रमाणित माप ५½ इंचांच्या रिमवर घेतलेले असते. २०५/५५ आर १५ ला ५½ ते ७½ इंच रिम चालते, पण त्याचे माप ६½ इंचांवर घेतात. आपली रिम ५½ जे असेल तर दुकानदाराचे ‘बसतो’ हे म्हणणे खोटे नाही. मात्र तो मर्यादेच्या अगदी खालच्या टोकाला बसतो, आणि रिम ५ जे असेल तर तो बसवूच नये.

टोकाला बसण्याचा अर्थ काय, हे मी ग्राहकांना हाताच्या ओंजळीने दाखवतो. तळहात समोरासमोर उभे धरले तर ते टायरच्या दोन्ही भिंतींसारखे सरळ असतात. मनगटे जवळ आणली की तळहात बाहेरच्या बाजूला झुकतात. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की त्याच्या भिंतींचे असेच होते. त्या बाहेर फुगतात, वळणावर आडव्या हलतात आणि तळव्याचा, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याचा, मधला भाग किंचित बाहेर फुगून तेथे झीज अधिक होते. कमी उंचीच्या टायरकडून स्टेअरिंगचा जो नेमकेपणा मिळावा अशी अपेक्षा असते, त्यातला बराचसा या हालचालीत निघून जातो. शिवाय रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की टायरची प्रत्यक्ष रुंदी साधारण ५ मिलीमीटरने आवळली जाते, त्यामुळे नावातील वीस मिलीमीटरची वाढही पूर्ण हाती येत नाही.

आता उंची पाहू. १८५ चे ६५ टक्के म्हणजे भिंतीची उंची सुमारे १२० मिलीमीटर. दोन्ही बाजूंची उंची आणि रिमचे ३८१ मिलीमीटर मिळून चाकाचा व्यास ६२१.५ मिलीमीटर होतो. २०५/५५ मध्ये भिंत ११३ मिलीमीटरच्या आसपास आणि व्यास ६०६.५ मिलीमीटर, म्हणजे जवळपास अडीच टक्क्यांनी कमी. स्पीडोमीटर १०० दाखवील तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा कमी, साधारण ९७.६ च्या हिशेबाने धावेल, आणि गाडीचे पोट जमिनीपासून साडेसात मिलीमीटर खाली येईल. आकड्यांत हे लहान वाटते. पण विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून किंवा गायमुखच्या घाटातून पावसाळ्यात गाडी काढणाऱ्याला विचारावे. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये जे रबर असते तीच गाडीची पहिली स्प्रिंग असते. ते रबर कमी झाले की खड्ड्यात टायरची भिंत दोन्ही कडांच्या मध्ये चिमटते, आतले धागे तुटतात आणि काही दिवसांनी बाहेर फुगा दिसू लागतो. माझ्याकडे पावसाळ्यानंतर येणाऱ्या फुग्याच्या तक्रारींत कमी उंचीचे टायर नेहमीच अधिक असतात. वडिलांच्या कमरेच्या दृष्टीने वेगळे उत्तर शोधण्याची गरज नाही. जो दणका टायर पचवत नाही तो सीटपर्यंत पोहोचतोच.

निर्णय घेण्यापूर्वी कृपया रिमवरील आकडा, चालकाच्या दाराच्या चौकटीवरील हवेचा तक्ता आणि जुन्या टायरवर ‘डीओटी’ या अक्षरांनंतर शेवटी येणारे चार अंक (टायर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष) एवढे पाहून कळवावे. चार अंक बहुधा चाकाच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे बाहेरून दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून पाहावे लागेल.

पामबीच_नेरुळ

मी ही चूक करून बसलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या गाडीवरही मूळ १८५/६५ आर १५ च होते. तीन वर्षांपूर्वी मी त्याच रिमवर १९५/५५ आर १५ बसवून घेतले. नेरुळहून वाशीला पाम बीच रस्त्याने पहिल्यांदा गेलो तेव्हा मनापासून आनंद झाला. गाडीचे डोलणे कमी झाले होते, मार्गिका बदलताना ती चटकन वळत होती, आणि चाकांच्या कमानीत टायर भरून आल्यासारखे दिसत होते. तो रस्ता गुळगुळीत असल्याने दोन महिने मला त्याच्या पलीकडचे काही दिसले नाही.

जूनमध्ये कामानिमित्त घोडबंदरला रोज जाणे सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात पातलीपाड्याजवळ पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात डावे पुढचे चाक गेले. आवाज असा आला की खालून कोणी हातोडा मारला असे वाटले. हवा लगेच गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुताना भिंतीवर अर्ध्या लिंबाएवढा फुगा हाताला लागला आणि रिमची आतली कडही वाकलेली निघाली. ऑगस्टमध्ये मागच्या चाकाचे तेच झाले. असे दोन टायर आणि एक रिम मिळून जो खर्च झाला, त्यात मूळ आकाराचे चारही टायर आले असते.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. १९५/५५ आर १५ चा व्यास ५९५.५ मिलीमीटर, म्हणजे मूळ मापापेक्षा चार टक्क्यांहून अधिक कमी. दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात मीटरवर चारशेहून अधिक किलोमीटर फुकटचे वाढत होते, सर्व्हिसिंग तेवढे लवकर येत होते आणि ॲव्हरेजचा हिशेबही फसवा निघत होता. त्याहून गंभीर बाब म्हणजे भारनिर्देशांक. मूळ टायरवर ८८ आहे, म्हणजे एका टायरला ५६० किलो भार चालतो. मी बसवलेल्यावर ८५ होता, म्हणजे ५१५ किलो. पाच माणसे आणि डिकीत सामान घेऊन आम्ही गावी जात होतो आणि हा आकडा मी एकदाही वाचला नव्हता. तो मला दुकानात कोणी सांगितला नाही, पण वाचायला हवा होता तो मीच. आपण कोणताही आकार निवडा, भारनिर्देशांक ८८ पेक्षा खाली जाऊ देऊ नका.

कासारवडवलीकर

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी जॅक लावून बसलो. अलॉय रिमच्या आतल्या बाजूला ब्रेकची काळी धूळ साचली होती; ओल्या फडक्याने ती पुसल्यावर १५ × ५½ जे असे उठावदार आकडे दिसले. दाराच्या चौकटीवर पुढच्या आणि मागच्या टायरसाठी हवेचा दाब ३३ पीएसआय लिहिला आहे.

टायरवरचे चार अंक मात्र पाहून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. चारही टायरवर ३४१८ आहे. म्हणजे २०१८ च्या चौतिसाव्या आठवड्यात तयार झालेले टायर मी आजवर वापरतो आहे. खाचांमध्ये झीज दाखवणारे जे आडवे उंचवटे असतात, ते पुढच्या दोन्ही टायरवर तळव्याच्या जवळपास पातळीला आले आहेत. भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा आहेत आणि तळव्याच्या रबरावर अंगठ्याचे नख दाबले तर खूणही उमटत नाही. हे टायर दिसायला ‘गोटा’ झालेले नसल्यामुळे मी त्यांच्यावर इतके दिवस विश्वास ठेवला.

आता मला असा प्रश्न पडला आहे की घणसोलीला गाडी घसरली ती टायर अरुंद होता म्हणून, की तो जुना होता म्हणून? आणि खर्च वाचवण्यासाठी सध्या पुढचे दोनच बदलले तर चालतील का? स्टेपनीही २०१८ चीच आहे, पण ती एकदाही रस्त्याला लागलेली नाही.

पहिला_पाऊस

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतःच शोधून काढले आहे. सात वर्षांच्या उन्हाने, उष्णतेने आणि हवेतील ऑक्सिजनने रबर कडक होते. कडक रबर डांबराच्या खडबडीत पृष्ठभागात रुतत नाही, त्यावरून सरकते. त्यात खाचांची खोली दीड-दोन मिलीमीटरवर आली की पाणी बाहेर फेकण्याची वाटच उरत नाही. कायद्याची मर्यादा १.६ मिलीमीटर आहे आणि ते उंचवटे त्याच मापाचे असतात, पण पावसाळी प्रदेशात राहणाऱ्याने त्या मर्यादेची वाट पाहू नये. नव्या टायरची खोली सात-आठ मिलीमीटर असते हे लक्षात घेतले, तर आपला टायर किती खर्ची पडला आहे ते कळते.

रुंद टायर म्हणजे रस्त्याला अधिक रबर टेकते, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती निम्मीच खरी आहे. एका चाकावर तीनशे किलो भार असेल आणि हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो असेल, तर जमिनीला टेकणारा भाग साधारण १३० चौरस सेंटिमीटर येतो, म्हणजे एका पोस्टकार्डाएवढा. टायर रुंद केला तरी भार तोच आणि हवा तीच, त्यामुळे हे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. बदलतो तो त्याचा आकार: पोस्टकार्ड जणू आडवे होते, रुंदीला वाढते आणि लांबीला घटते. कोरड्या रस्त्यावर वळताना याचा लाभ होतो. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायरला एका वेळी जास्त पाणी बाजूला सारावे लागते आणि त्यासाठी मिळणारी लांबी कमी असते, म्हणून तो पाण्याच्या थरावर तुलनेने लवकर तरंगू लागतो. आपली तक्रार पावसाची आहे, आणि उपाय सुचवला गेला तो कोरड्या रस्त्याचा.

आपल्या पैशांचे मोल रुंदीत नाही, टायरच्या जातीत आहे. त्याच १८५/६५ आर १५ आकारात ओल्या रस्त्यासाठी रबराचे चांगले मिश्रण आणि रुंद सरळ खाचा असलेला टायर घ्यावा, आणि हवा दर पंधरवड्याला सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी. हवा कमी असेल तर पाण्यावर तरंगण्याचा धोका आणखी कमी वेगात येतो.

दोनच टायर बदलण्याबद्दल: पैशांची अडचण समजते, पण चारही एकाच वयाचे असताना दोन तसेच ठेवू नयेत. अगदीच दोन घ्यावे लागले तर नवे टायर मागे लावावेत आणि जुन्यांपैकी बरे दोन पुढे घ्यावेत. पुष्कळांना हे उलटे वाटते, कारण गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते. पण पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते, मागची चाके घसरली तर गाडी फिरते आणि सर्वसाधारण चालकाला ती सावरता येत नाही. स्टेपनी न वापरताही म्हातारी होतेच. तिला टायरवाल्यापर्यंत पोहोचण्यापुरते आणि कमी वेगात वापरावे.

ऐरोलीकर

वरील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, तरी आकार बदलणे सरसकट चुकीचे आहे असा समज राहू नये म्हणून माझा अनुभव नोंदवतो. माझ्या ५½ जे रिमवर गेली चार वर्षे १९५/६० आर १५ ८८ आहेत. व्यास ६१५ मिलीमीटर, म्हणजे फरक एक टक्क्याच्या आसपास, भिंत ११७ मिलीमीटर, म्हणजे मूळ मापापेक्षा जेमतेम तीन मिलीमीटर कमी, भारनिर्देशांक तोच. या आकारालाही ५½ ही रिमची किमान मर्यादाच आहे, परंतु त्याचे माप ६ इंचांवर घेतलेले असल्याने भिंती २०५ इतक्या आवळल्या जात नाहीत. बसवल्यावर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि मागे तीन माणसे बसवून टायर कोठे घासतो का, हे पाहिले, घासला नाही. आकार बदलण्यापूर्वी विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घेतले आणि ते गाडीच्या कागदपत्रांत ठेवले आहे.

पुणे द्रुतगती मार्गावर गाडी थोडी अधिक स्थिर वाटते आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर कोणताही त्रास नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या स्थैर्यातला किती भाग रुंदीचा आणि किती नव्या रबराचा, हे मला वेगळे काढता येणार नाही, कारण मीही जुने झिजलेले टायर काढूनच हे बसवले होते. आपल्या वडिलांचा त्रास आणि घोडबंदरचा रोजचा रस्ता पाहता आपल्या जागी मी मूळ आकारच घेतला असता.

रिम_आधी

ऐरोलीकरांशी सहमत आहे. ५½ जे रिमवर १९५/६० ही माझी शेवटची पायरी असते. त्यापुढे जायचे असेल तर आधी रुंद रिम घ्यावी. मूळ आकार ‘शिल्लक नाही’ असे कोणी म्हणाले तर दुसऱ्या दुकानात जावे, कारण १८५/६५ आर १५ हा दुर्मीळ आकार नाही. नवे टायर घेताना त्यांच्यावरचीही तारीख वाचून मगच ते रिमवर चढवू द्यावेत, आणि जुने टायर उतरवले की त्यांची आतली बाजू एकदा स्वतः पाहावी. चाकावर असताना जे दिसत नाही ते तेथे दिसते.

कासारवडवलीकर

शनिवारी टायर बसवून घेतले. १८५/६५ आर १५ ८८ एच, चारही एकाच जातीचे. ते माजिवड्याच्या पुढे दुसऱ्या दुकानात मिळाले. दुकानदाराने तारीख स्वतःहून दाखवली, चारही टायर तीन महिन्यांच्या आतले आहेत. झडपा नव्या टाकल्या, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट केले. रविवारी सकाळी थंड चाकांत ३३ पीएसआय हवा स्वतः तपासली. सोमवारी वडील शेजारी बसले होते. विटाव्याला गतिरोधक ओलांडल्यावर त्यांनी सीटची कड धरलेला हात सोडला, हे मी पाहिले.

आपण सांगितल्याप्रमाणे जुन्या टायरच्या आतही पाहिले. डाव्या पुढच्या टायरच्या भिंतीत, आतल्या बाजूला, बोटभर लांबीची एक आडवी सुरकुती होती आणि तेथे दाबले की रबर कापडासारखे मऊ लागत होते. बाहेरून त्या जागी काहीही दिसत नव्हते. दुकानातील कारागीर म्हणाला की आतले धागे केव्हाच तुटलेले आहेत. जुने टायर पुन्हा कोणाच्या तरी गाडीला लागतात हे मला ठाऊक आहे, म्हणून तो टायर माझ्यासमोर भिंतीतून कापायला सांगितला आणि तो कापला जाईपर्यंत मी तेथेच उभा राहिलो.